कडेची खुर्ची

ही गोष्ट घडलेली आहे. माझ्या धाकट्या मावशीने ती मला एकदाच सांगितली, आवाज जरासुद्धा न चढवता. तिला तिखटमीठ लावून सांगायची सवय नाही. म्हणूनच गोष्ट खोटी आहे असं मला म्हणता येत नाही.

रात्र नव्हती. रविवारची दुपार होती. नाट्यगृह माणसांनी गच्च भरलं होतं.

मावशी त्या नाटकाचा कपडेपट सांभाळायची. नाटक ऐतिहासिक, जुन्या काळच्या एका लढाईचं. तोफांचा धूर, घोड्यांच्या टापा आणि सेनापतीच्या कामात एक नावाजलेला नट. त्याने तोंड उघडलं की पहिल्या रांगेने छत्री उघडावी, अशी पडद्यामागे चेष्टा चालायची. पण लोक पुन्हा पुन्हा यायचे ते त्याच्यासाठी नाही.

शेवटच्या प्रवेशासाठी यायचे.

त्यात लढाईत पडलेले शिपाई घरी परत येत. रंगमंचावरून नाही. दिवे मालवायचे, प्रेक्षागृहाचं मागचं दार उघडायचं आणि शिपाई मधल्या वाटेने चालत पुढे यायचे. जाता जाता प्रत्येक जण कडेच्या खुर्चीवरच्या कोणाच्या तरी खांद्यावर क्षणभर हात ठेवायचा. बोलायचं काही नाही. एवढ्यावर चांगली दांडगी माणसं ढसाढसा रडायची. ज्यांच्या घरातलं कोणी गेलेलं असे, ती कडेचीच खुर्ची मागून घेत.

मावशीच्या सासूबाई दर रविवारी तिथे बसायच्या.

मावशीचा नवरा खऱ्या लढाईवर गेला, तो आलाच नाही. ना प्रेत, ना निरोप. बेपत्ता, एवढंच कळलं. सासूबाई म्हणायच्या, आला नाही म्हणजे गेला असं थोडंच असतं. मावशीने सुरुवातीला रडून घेतलं, मग आतलं सगळं बधिर झालं. ती घामेजलेले कोट उलटे करून वाळत घालायची, तुटलेली बटणं लावायची आणि घरी यायची.

पुढे सासूबाई खंगत गेल्या, तरी रविवार चुकवायच्या नाहीत. अन्न जाईना. नजरही अधू झालेली. तेव्हा मावशीने सगळ्यांत मागच्या शिपायाला गळ घातली, की माझ्या सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवत जा. त्याला सगळे लंबू म्हणायचे. भला पोरगा. ठेवायला लागला.

सासूबाई दोन घास खायला लागल्या. आला होता गं, म्हणायच्या.

त्या रविवारी लंबू तापाने फणफणला. बदली माणूस नव्हता. एक शिपाई कमी आला म्हणून लढाई हरत नाही, असं म्हणून दिग्दर्शकाने प्रयोग सुरू केला.

मावशीला एकच घोर. आज कोणी आलं नाही तर म्हातारी पुन्हा अन्न सोडील. लंबूचा कोट खुंटीवरच ठेवून ती शेवटच्या प्रवेशाला भिंतीला टेकून उभी राहिली. काय सांगायचं, ते मनात जुळवत.

दिवे गेले. दार उघडलं. बूट वाजले. एकेक शिपाई पुढे गेला. शेवटचा रंगमंचावर चढला. दार लागलं.

सगळं शांत.

मग... पुन्हा बूट वाजले.

सावकाश. एकाच माणसाचे.

वाट तर मोकळी होती. आवाज सासूबाईंच्या खुर्चीपाशी आला... आणि थांबला.

सासूबाईंनी आपला हात उचलून आपल्याच खांद्यावर नेला. कोणाचा हात धरावा, तसा. रंगमंचावरचा उजेड तेवढा तिथे पोचत होता. मावशीने नीट पाहिलं. त्यांचा तळवा खांद्याला टेकलेला नव्हता.

मधे... एका हाताची जागा होती.

बसमधून घरी जाताना सासूबाई म्हणाल्या, त्या उंच मुलाला सांग, आता नको. बिचाऱ्याने इतके दिवस माझं मन राखलं.

"तुम्हाला माहीत होतं, आई?"

"अगं, आपल्या लेकाचा हात मला कळत नाही होय? आज तो आला. गार होता, पण त्याचाच." मग म्हणाल्या, "गेला तो, सूनबाई. आता तूही वाट बघू नकोस."

मावशीने विचारलं, "माझ्याकडे का नाही आला?"

सासूबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्या पुन्हा नाटकाला गेल्या नाहीत. जेवत, झोपत राहिल्या. त्यांचं मिटलं होतं.

मावशीचं नव्हतं. पुढच्या रविवारी ती स्वतः त्या खुर्चीवर जाऊन बसली. रडू येत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. फक्त एकदा हात लागावा, एवढंच होतं.

दिवे गेले. शिपाई आले, गेले. सगळ्यांत मागून लंबू आला. बरा होऊन आला होता. तिच्यापाशी थांबला. हात उचलला...

आणि झटकन मागे घेतला. अडखळतच पुढे गेला.

मावशी बसून राहिली. दुसरं कोणी आलं नाही. बूट वाजले नाहीत.

प्रयोग संपल्यावर लंबूला कोटाची बटणं काढता येईनात. तिनेच ती काढली.

"ताई, रागावू नका," तो म्हणाला. "मी ठेवणारच होतो. पण तिथे आधीच एक हात होता."

"कुठल्या खांद्यावर?"

"डाव्या."

मावशीने डावा खांदा चाचपून पाहिला. तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. ना वजन, ना गारवा.

ते नाटक कधीच बंद पडलं. सासूबाई गेल्या. मावशी कडेच्या खुर्च्यांवर बसते, बसमध्ये, दवाखान्यात, कुठेही. मी विचारलं, मग पुन्हा कधी काही जाणवलं का?

"नाही रे," ती म्हणाली. "अजून असेलही. मला कुठे कळतंय?"

मी तिच्या डाव्या हाताला बसलो होतो. उठून समोर जाऊन बसलो.