दिवेलागणीचा सारंग

टपाल नाक्याच्या वळणावर मिठाची लॉरी मागून आली, आमच्या टांग्याच्या चाकाला घासली, घोडा बिथरला आणि माझ्या मांडीवरची बाजाची पेटी रस्त्यावर जाऊन पडली. आत काहीतरी खळखळलं. बाबांनी डोळे मिटून "नारायण, नारायण" म्हटलं.

साल चोपन्न. पाडवा दोन दिवसांवर होता आणि रामनवमीपर्यंत रोज एका गावी बाबांचं कीर्तन लागलेलं. पनवेलच्या तळ्याकाठी महादेवाचं देऊळ आहे, तिथली पूजा आमच्या घराण्याकडे, आमचं घरही त्याच आवारात, पिंडीच्या समोर. पण काशिरामबुवा म्हणून लोक ओळखायचे ते कीर्तनामुळेच. आई गेल्यापासून त्यांच्या मागे पेटीवर मी बसत असे.

लॉरीतून एक जण उडी मारून उतरला. "कुनाला लागलं तं नाय ना?" पहिलं वाक्य हे. पंचविशीचा असेल, पण डोक्यावरचे सगळे केस पांढरे.

मी रागातच होते. "एवढ्या म्हाताऱ्या माणसाला लॉरी दिली कुणी?"

त्यानं केसांवरून हात फिरवला. "मीठ हाय ते, बाय." आणि खरंच, त्याच्या हातामागून काळे केस निघाले...

लोक जमले. कुणी म्हणालं, चौकीवर न्या. त्याचा चेहरा उतरला. बाबांपुढे येऊन त्यानं हात जोडले. "बुवा, चौकी नको. लायसनवर शिक्का बसला तं शेठ उद्याच मना खाली उतरवंल. घरी आई हाय, दोन भयनी हायत."

बाबा म्हणाले, "आपसात मिटवू. चौकीत पेटी वाजत नाही." टांगेवाल्याला चाकाचे पैसे त्या लॉरीवाल्यानं तिथंच देऊन टाकले. पेटीसाठी बाबांनी त्याला देवळात नेलं, शपथ म्हणून पिंडीवरचा बेल उचलायला लावला. कमळाकर नावाचा तो मुलगा खाडीकडच्या मिठागरांतला, आगरी. स्वतःच्या खर्चानं पेटी मुंबईहून दुरुस्त करून आणायची, नृसिंह जयंतीच्या आत. नाही आली सुरात, तर बाबा चौकीवर जाणार. आली, तर बाबांनी देवासमोर त्याला विडा द्यायचा आणि प्रकरण मिटवायचं. विडा घेतल्यावर कुणी कुणाच्या दारात मागचं काढून जायचं नाही.

"आणि सुरात आली की नाही," बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ते वेणू सांगेल."

ते नऊ दिवस उसन्या पेटीवर निघाले. नवमी झाल्यावर एका दुपारी तो आला. बाबा देवळात होते. तो पायरीवर बसला, मी ओटीवर पेटी उघडली. भाता नवा, पट्ट्या पुसलेल्या. मी सा लावला, वर गेले, खाली आले. एकही सूर हलत नव्हता.

"झाली बरी?" त्यानं विचारलं.

झाली म्हटलं असतं, तर संपलं असतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्या बोटांकडे पाहत होता, देवाकडे पाहावं तसा.

"गंधार जरा... बसका वाटतोय."

"गंधार म्हंजी कोन?"

मी ती पट्टी दाबून धरली. त्यानं डोळे मिटून ऐकलं. "मना तं ग्वाड लागला."

"तुम्हांला मीठही गोड लागत असेल."

"तुमी दिलं तं लागंल," तो म्हणाला, आणि मग स्वतःच लाजून पेटी उचलायला वाकला.

खोटं बोलले मी. कीर्तनकाराची मुलगी, देवळाच्या आवारात बसून. रात्री देवाला सांगितलं, एवढं एकदाच.

पण तीनदा झालं. आठ-दहा दिवसांनी तो यायचा, मी एक गंधार काढायचे, तो पेटी परत न्यायचा. मधल्या वेळात कैरीचं पन्हं. तो मिठागराच्या गोष्टी सांगायचा — उन्हात पाणी आटत आलं की वर आधी मिठाची फुलं तरंगतात, तेव्हा वाऱ्यानंसुद्धा हळू यावं लागतं. मी म्हणायचे, "थापा." तो म्हणायचा, "येऊन बघा." मग दोघंही पन्ह्याच्या पेल्यात बघायचो. कारण मी तिथं कधी जाणार नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं.

बाबा कीर्तनात सांगत, देवाच्या दारी जात नाही. लोक माना डोलवत आणि घरी जाऊन जातीतच मुली देत. बाबा त्या लोकांहून वेगळे नव्हते. मनानं लोणी, पण गावाच्या पुढे पाऊल टाकणारे नव्हेत. माझं पेणचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं.

नृसिंह जयंतीच्या आदल्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "तीनदा पेटी नेली आणि सूर अजून बसकाच? पोरगा फसवतोय आपल्याला. उद्या नीट नसली तर चौकी. शब्द म्हणजे शब्द."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. लबाडी माझी, आणि शिक्का बसणार होता त्याच्या लायसनवर.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो आला. बाबा आत विड्याचं तबक लावत होते. मी पायरीपर्यंत गेले आणि हळूच म्हटलं, "आज पेटी बरी आहे म्हणून मी सांगणार. गंधार कधीच बसका नव्हता."

"ठावं हाय."

"ठाऊक होतं?"

"दुसऱ्या खेपंला गिरगावातला मिस्त्री हसला मना. म्हनला, वेडा हायस काय, बरी हाय ही. तवापासनं मी तिला कुटं नेलीच नाय." तो खाली बघत म्हणाला. "लॉरीतच माझ्या शेजारी बसायची. खड्डा आला की मी तिच्यावर हात ठेवायचा."

मला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरले. पेटी ओटीवर ठेवून मी सहज ती पट्टी दाबली.

घर्र — असा आवाज आला. पुन्हा दाबली. गंधार मेला होता. इतके दिवस मिठाच्या लॉरीत... खारानं आतली सुराची पितळी पत्ती खाल्ली होती.

तो पांढराफटक पडला. तेवढ्यात तबक घेऊन बाबा बाहेर आले.

"वाजव, वेणू."

मी भाता हलवला. आणि सारंग धरला. सारंगात गंधार नसतो. सा, रे, मग एकदम मध्यम — त्या पट्टीवरून माझं बोट असं जात होतं, जसं झोपलेल्या माणसाला ओलांडावं. पण सारंग भर दुपारचा राग. आणि देवळात तर समया लागल्या होत्या.

बाबांनी चाळीस वर्षं कीर्तन केलं होतं. "सारंग?" ते म्हणाले. "या वेळेला?"

"उकडतंय ना, बाबा."

ते माझ्या बोटांकडे पाहत राहिले. मग कमळाकरकडे. मग परत माझ्याकडे, खूप वेळ. त्यांनी मला दुसरा राग वाजवायला सांगितला असता तर सगळं संपलं असतं. त्यांनी सांगितला नाही.

"सूर लागले?"

"लागले, बाबा."

"बरी आहे पेटी," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज कीर्तनात भरून यायचा तसा आला होता, फक्त इथं टाळ धरायला मागे कुणी नव्हतं. त्यांनी विडा उचलला. "घे बाळा. देवासमोर मिटलं. तुझ्यावर आता काही नाही. आणि... इकडं यायचं कारणही उरलं नाही."

कमळाकरनं दोन्ही हात पुढे केले. विडा घेतला, कपाळाला लावला. बाबा पाठ फिरवून आत गेले. मुद्दामच गेले असावेत.

आम्ही दोघं उरलो. 

"जातो," तो म्हणाला.

"असं म्हणू नये," मी म्हटलं. "येतो म्हणावं."

त्यानं हाताकडे पाहिलं. हातातला विडा त्यानं उघडला नव्हता, खाल्ला नव्हता. "आत्ताच देवासमोर घेतलाय, बाय. खोटं कसं बोलू?"

मग तो पायऱ्या उतरला. मला वाटलं, वळून तरी म्हणेल. तळ्याच्या कडेनं तो नाक्यापर्यंत गेला, लॉरी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मी तशीच उभी राहिले — त्याच्या वतीनं तो शब्द मनातल्या मनात म्हणत.