हनुवटीची जागा

मुखवट्याच्या आतल्या बाजूला, हनुवटी टेकते तिथे, लाकूड अंगठ्याएवढ्या जागेत गुळगुळीत झालं होतं. बाकी सगळीकडे पटाशीच्या खुणा जशाच्या तशा होत्या. मृणाल दाणीने थरवाचकाचं टोक त्या जागेवर अलगद टेकवलं आणि पडद्यावर उमटणाऱ्या रेषा मोजायला सुरुवात केली.

थरवाचक दिसायला जाड पेनासारखा. माणसाचा घाम, लाळ, श्वासातला ओलावा लाकडात मुरतो आणि सुकून त्याचा थर बसतो. हे यंत्र तो थर उलगडून वाचतं. वस्तू किती जणांनी वापरली, त्यांचं एकमेकांशी रक्ताचं नातं होतं का, कोणी शेवटची कधी वापरली, हे सगळं ते सांगतं. वारसा वस्तू कायदा आला तो या यंत्राच्या भरवशावरच. साठ वर्षांपेक्षा जुनी वस्तू खाजगी संग्रहात असेल, तर ती सरकारजमा; फक्त वापरात नसलेली आणि नीट राखलेली वस्तू सांभाळणाऱ्याला दावा करून स्वतःकडे ठेवता येते. सरकारी तपासनीस म्हणून दोन वर्षांत मृणालने एकेचाळीस संग्रह ताब्यात घेतले होते. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी वाळवी, बुरशी किंवा भडक नवा रंग तिच्या आधी पोचलेला असे.

इथे तसं काही नव्हतं. करोळपाड्याच्या निवृत्त नर्सबाई इंदुमती साटम यांनी बोहाड्याचे, म्हणजे चैत्रात देवादिकांची सोंगं घेऊन नाचायच्या उत्सवाचे, त्रेसष्ट मुखवटे लसींच्या मोडक्या शीतपेट्यांत ठेवले होते. आरोग्य खात्याने भंगारात काढलेल्या पेट्या त्यांनी मागून आणल्या होत्या. आत राखेच्या पुरचुंड्या होत्या, ओलावा दाखवणारे कागद होते. प्रत्येक मुखवट्याला एक कार्ड होतं, बाळाच्या लसीकरणाचं असतं तसं. सोंगाचं नाव, गाव, घर, कोण नाचायचं, तपासल्याची तारीख, पुढची तारीख. छत्तीस वर्षांत एकही तारीख चुकली नव्हती. राजधानीतल्या वातानुकूलित भांडारातही मृणालने इतकी नेटकी व्यवस्था पाहिली नव्हती.

"हे सगळं तुम्ही एकट्यांनी केलंत?" तिने विचारलं.

"त्यात काय विशेष? लस काय, लाकूड काय, ऊन आणि ओल सांभाळली की टिकतं." इंदुमतीबाई चष्मा पुसत म्हणाल्या.

दाराशी काशिनाथ भोये उकिडवा बसला होता. तिशीचा, काटक. दहा दिवसांनी बोहाडा होता आणि मृणालच्या हातातला वेताळ त्याच्या घरचा होता. सोळाव्या वर्षापासून दर चैत्रात तो हा मुखवटा मागायला यायचा आणि बाई म्हणायच्या, पुढच्या वर्षी बघू. गावात तो सरकारने यंत्रावर छापून दिलेला प्लास्टिकचा वेताळ घालून नाचायचा.

"बाई, लहानपणी मी लाथ मारून तुमचा लसीचा ट्रे पाडला म्हणतात. त्याचा राग अजून गेला नाय वाटतं," तो म्हणाला.

"राग कधीच गेला. काच लागल्याची खूण आहे हातावर."

"मग माझी वस्तू ठेवून खुणेची भरपाई करताय व्हय?"

"गप बस. मॅडम काम करतायत."

मृणालला हसू आलं. पण पडद्यावरच्या रेषांनी ते थांबवलं. "इथे पाच माणसं आहेत," ती म्हणाली. "पहिले तीन एका रक्ताचे. चौथ्याचं त्यांच्याशी काहीच नातं नाही."

"तो माझा आजा," काशिनाथ म्हणाला. "घरजावई व्हता. सासऱ्यानं पोरगी दिली, पाठोपाठ सोंग दिलं. ज्याला पावलं येतात त्याचं सोंग. रक्त कोण बघतो?"

"पाचवा?"

मृणालने काशिनाथपुढे कागदाची पट्टी धरली. त्याने तिच्यावर श्वास सोडला. यंत्राने जुळणी दाखवली.

"इथे तुमचे चौदा थर आहेत," ती सावकाश म्हणाली. "बरोबर वर्षावर्षाच्या अंतराने. शेवटचा गेल्या चैत्रातला." ती इंदुमतीबाईंकडे वळली. "मुखवटा इथे आल्यापासून कोणी घातलेला नाही, असं तुम्ही दाव्यात लिहिलंय."

इंदुमतीबाईंनी कार्ड उलटं ठेवलं.

"याच्या आज्याचे पाय थकले होते. सोंग हातात घ्यायच्या आधीच याचा बाप वीटभट्टीवर गेला, तो परत आला नाही. घालणारं कोणी उरलं नाही की सोंग नदीला द्यायचं, अशी इथली रीत. याचा आजा घेऊन निघालाच होता. मी वाटेत अडवलं. म्हटलं, पोर मोठं होईस्तोवर ठेवते. हे तेव्हा नऊ महिन्यांचं होतं, गोवराच्या लसीला आलेलं. मग पोर मोठं झालं. आणि माझा हात सुटेना. नाचताना पडेल, तडकेल, कोणी पैसे दाखवून नेईल. वर्षातून एकदा मागल्या अंगणात घालू द्यायचे. सोंग उपाशी राहू नये म्हणून."

"नंतर आतून पुसलं का नाहीत?" मृणालने विचारलं. "बाकीचे सगळे स्वच्छ आहेत. हाही पुसला असतात, तर माझ्या यंत्राला काही सापडलं नसतं."

"दर वर्षी कापूस हातात घ्यायचे आणि परत ठेवून द्यायचे." एवढंच त्या म्हणाल्या.

मृणालने यंत्र बंद केलं. नियम तिला पाठ होता, पण आज तो तिने शब्द जपून सांगितला. वापर चालू असलेली वस्तू वापरणाऱ्याला मिळते. मात्र सांभाळणाऱ्याला ध्वनिमुद्रण चालू असताना मालकी स्वतः नाकारावी लागते. आणि संग्रह कायद्याच्या लेखी एकच. एका वस्तूवरचा दावा सोडला, की त्रेसष्टांवरचा गेला. बाकीच्यांचे हक्कदार शोधायला तीस दिवस मिळतात. जे सापडणार नाहीत ते भांडारात.

"आणि दावा सोडला नाही तर?"

"मग सगळे आज सीलबंद होतील. न्यायाधिकरणात सात-आठ वर्षं जातील. खोट्या नोंदीचा प्रश्न निघेल, तरीही तुम्ही जिंकू शकता. इतकी निगा कोणी राखलेली नाही, हे मी स्वतः लिहून देईन."

त्र्याहत्तर वर्षांच्या इंदुमतीबाईंनी पेट्यांच्या रांगेवरून नजर फिरवली. तालुक्याला या मुखवट्यांचं एक दालन व्हावं म्हणून त्यांनी पंधरा वर्षं अर्ज केले होते. आता सगळं एका वाक्यावर आलं होतं. मृणालच्या मनात आलं, ज्या हातांनी वस्तू जगवली त्यांचा थर या यंत्राला का वाचता येत नाही? बाई कायम हातमोजे घालून काम करत. त्रेसष्ट मुखवट्यांवर त्यांची कुठेही खूण नव्हती.

काशिनाथ उठून उभा राहिला. "राहू द्या, बाई. मी छापलेला घालून नाचंन. तुमचं दालन व्हऊ द्या."

"तू मला शिकवू नकोस." त्यांनी मुखवटा उचलला. आज पहिल्यांदाच हातात मोजे नव्हते. हनुवटीच्या त्या गुळगुळीत जागेवर त्यांनी अंगठा ठेवला, क्षणभर, आणि काढून घेतला. मग वेताळाचं कार्ड सुलटं करून त्यांनी पुढच्या तारखेच्या रकान्यावर रेघ मारली.

"मॅडम, बाकीच्या बासष्ट कार्डांवर घरांचे पत्ते आहेत. मी लस घेऊन त्या प्रत्येक दारात गेलेय. तीस दिवस पुरतील. तुमचं ध्वनिमुद्रण चालू करा."

मृणालने बटण दाबलं. लाल ठिपका पेटला.

"मी इंदुमती गणपत साटम," त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "हा वेताळ माझा नाही. कधीच नव्हता. काशिनाथ, घेऊन जा तुझं सोंग."