पडद्याचा डावा कोपरा

"अहो, पाय! पडद्यावर पाय!"

मी ओरडले आणि तो जागच्या जागी थिजला. एक पाय गवतावर, दुसरा हवेत. खांद्यावर काळ्या वायरींचं वेटोळं, कपाळावर घाम, आणि चोरी पकडली गेल्यावर पोरं हसतात तसं हसू.

"आता हा पाय ठेवू कुठे, तेवढं सांगा," तो म्हणाला.

"घरी."

"घर लांब आहे हो. तोवर मी पडेन."

"पडा की. पण पलीकडे पडा."

आणि तो खरंच पलीकडे पडला, वायरींसकट! आमच्या सगळ्या शिवणाऱ्या जणी खो खो हसल्या. मी हसले नाही. मी मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसले... दोरा काही केल्या नेढ्यात जाईना.

तेव्हा मी विशीत होते. 'ते चौघे' आमच्या शहरात पहिल्यांदाच यायचे होते. त्यांच्या बँडला नाव होतं, पण आमच्याकडे सगळे 'ते चौघे' असंच म्हणायचे. मोठं मैदान, पायऱ्यापायऱ्यांवर माणसं मावणार नाहीत इतकी तिकिटं खपलेली, आणि आदल्या दिवशी वारा असा सुटला की रंगमंचामागचा पडदा मधोमध फाटला. माझ्या मावशीचं शिवणकामाचं दुकान होतं. तिला बोलावणं आलं, आणि ती आम्हा सगळ्यांना घेऊन मैदानात उतरली. पडदा केवढा! गवतावर पसरला तर एका टोकाच्या बाईला दुसऱ्या टोकाची बाई हाक मारून बोलवावी लागे.

मावशीचा एकच धर्म होता. आधी कच्चे टाके घालायचे, मग पक्की शिवण, आणि काम हातावेगळं करताना सगळ्या कापडावरून स्वतः हात फिरवायचा. एखादा कच्चा टाका राहिलेला दिसला, की ती उसवायची आणि वर त्या शिवणारीचा उद्धार करायची. "कच्चा टाका राहिला म्हणजे आपलं नाक गेलं," असं तिचं म्हणणं.

वायरवाला त्या दुपारी पुन्हा आला. कात्री हवी होती म्हणे. मग कात्री परत द्यायला आला. मग पाणी आहे का विचारायला.

"काय गं," मावशी डोळे बारीक करून म्हणाली, "या माणसाच्या सगळ्या वायरी आपल्याच पडद्याजवळून जातात वाटतं!"

"जातात ना, मावशी," तोच म्हणाला. "हा डावा कोपरा आहे ना, याच्याच खालून. प्रत्येक गावात मी इथेच गुडघे टेकून बसतो."

"मी तुझी मावशी कधी झाले रे?"

"अजून नाही," तो म्हणाला. आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणून तर मला घाम फुटला.

संध्याकाळी पडदा चढला. मावशीने सगळ्यांना कार्यक्रम बघायची परवानगी दिली, आणि मी रंगमंचाच्या कडेला, खांबाजवळ उभी राहिले. माझ्या डाव्या बाजूला कोण येऊन उभं राहिलं, हे मी न बघताच ओळखलं.

"कानात हे घाला," त्याने खिशातून कापूस काढला. "नाहीतर उद्या मावशीच्या शिव्या ऐकू यायच्या नाहीत."

"मग नकोच घालायला!"

तो इतका हसला की पहारेकरी वळून बघायला लागला. पण कापूस होता एकट्यापुरताच. त्याने त्याचे दोन तुकडे केले. एक माझ्या उजव्या कानासाठी, एक त्याच्या डाव्या.

"आणि दुसरा कान?" मी विचारलं.

"तो माझा."

आम्ही असे उभे राहिलो, की माझा उघडा कान त्याच्याकडे आणि त्याचा माझ्याकडे. ढोल वाजला की जमीन तळव्यांतून वर यायची. चौघांनी त्यांचं ते लांबलचक गाणं सुरू केलं, हजारो माणसं एका सुरात गाऊ लागली, वाऱ्याने पडदा फुगला... आणि माझी शिवण टिकली. मी शिवणीकडे बघत होते. तो माझ्याकडे.

"उद्या उजाडायच्या आत वायरींची गाडी निघते," तो माझ्या कानाशी म्हणाला. "पडदा मागून येतो. पुढे दौरा मोठा आहे. दौरा संपला की... मी परत येऊ का? तुमच्यासाठी म्हणतोय. कात्रीसाठी नव्हे."

 घरी आई होती, दोन लहान भावंडं होती. असं उभ्या उभ्या उत्तर कसं देणार?

"घाई नाही. पडद्याच्या घडीत चिठ्ठी ठेवा."

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. ते फार उशिरा आलं. पण त्याला ते कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मी नाक मुरडलं. "चिठ्ठी काय, कुणीही वाचेल. मी धाग्याने सांगेन. डाव्या कोपऱ्यात लाल धागा दिसला, तर या."

"आणि नाही दिसला तर?"

"तर समजा."

"समजेन," तो म्हणाला. "मग मात्र मी येणार नाही. माणसाने नकार नीट घ्यावा."

किती चांगला होता ना? तोच चांगुलपणा नडला.

सकाळी पडदा उतरवून आम्ही घडी घालायला गवतावर पसरला होता. मी आईला विचारून आले होते. आई म्हणाली होती, "माणूस हसवतो ना? मग झालं." मी डाव्या कोपऱ्यापाशी बसले, आणि दुमडीवर लाल धाग्याने बोटभर टाके घातले... सुटे, लांब, धावते. त्याला गुडघ्यावर बसल्या बसल्या दिसावेत असे. शेवटची गाठ मारली तोच मावशीने हाक मारून मला सामान घेऊन दुकानात पिटाळलं. मी मैदानातून अक्षरशः उडत गेले.

दौरा संपला. तो आला नाही.

मी म्हटलं, गाडी चुकली असेल. मग म्हटलं, आजारी असेल. मग माझ्या मनाने जे जे म्हटलं, ते तुम्हाला सांगत नाही. तुमचंही कधीतरी म्हणेल.

पुढच्या वर्षीची गोष्ट. दुकानात नवी मुलगी आली होती, आणि तिच्याकडून एका झग्यावर कच्चे टाके राहिले. मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "माझ्या हाताखाली हे चालायचं नाही! अगं, तो एवढा मैदानभर पडदा, त्याच्यावरसुद्धा कुणीतरी डाव्या कोपऱ्यात लाल कच्चे टाके सोडले होते. मी हात फिरवला म्हणून सापडले. उसवले, तेव्हा कुठे नाक वाचलं!"

मशीनवरचा माझा पाय थांबला.

"काय गं, काय झालं?" मावशीने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "बरं केलंस, मावशी."

दुसरं काय म्हणणार? तिने तिचं काम चोख केलं होतं. दौरा तोवर समुद्रापलीकडे गेला होता. त्याचं गाव मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी लिहिणार कशाने? पुढे माझं लग्न झालं नाही. केलं नाही म्हणू नका. झालं नाही.

आता ऐका पुढचं.

यंदा ते चौघे पुन्हा आले. केस पांढरे, आवाज घोगरे, आणि हा म्हणे शेवटचा दौरा. त्यांनी जाहीर केलं, की ज्यांच्याकडे जुन्या कार्यक्रमांच्या आठवणी असतील त्यांनी दुपारीच मैदानात यावं, आवाज रेकॉर्ड करून घेऊ. मी ठेवणीतली साडी काढली. मनातल्या मनात सगळं नीट जुळवलं: पाय, कात्री, कापूस, धागा. म्हटलं, तो कुठे का असेना, कुठून तरी ऐकेल. त्याला एवढं कळलं पाहिजे की धागा होता. मरायच्या आधी एवढंच हवं होतं मला.

रंगमंचासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. कानांवर हेडफोन चढवलेली एक चुणचुणीत मुलगी एकेकासमोर माईक धरत होती. एक गृहस्थ कोपर दाखवून सांगत होते, की ही खूण त्या दिवशी कुंपणावरून उडी मारल्याची. त्यांची बायको म्हणाली, "खोटं आहे हो, ही आमच्या जिन्याची खूण." एका आजोबांना गाण्याचे शब्द आठवेनात, म्हणून त्यांनी नुसता ढोल वाजवून दाखवला, तोंडाने. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

माझ्या अगदी पुढे एक जोडपं होतं.

"बाबा, आता तुम्ही. पण थोडक्यात हं!" माईकवाली मुलगी म्हणाली.

"थोडक्यात कसं सांगू?" ते म्हणाले. "मी चाललो होतो वायरी घेऊन, आणि एकदम आवाज आला: पाय! माझा एक पाय हवेत. मी म्हटलं, हा ठेवू कुठे? तर तुझी आई म्हणते—"

"घरी!" शेजारची बाई म्हणाली.

माझा शब्द. तिच्या तोंडून. अगदी माझ्यासारखाच तोडून टाकलेला.

मी खुर्चीची कड धरली. तोच होता. केस गेले होते, हसू तेवढं शिल्लक होतं. तो सांगत गेला, ती मधूनमधून आठवण करून देत गेली. "कात्री राहिली." "मावशीचं सांगा ना." "कापूस विसरलात." सगळं होतं. फक्त मी नव्हते.

"आणि पुढच्या गावी पडदा वर गेला," तो म्हणाला, "मी गुडघे टेकून बसलेलो, बघायची हिंमत होईना... आणि डाव्या कोपऱ्यात... लाल!"

मुलीने डोळे पुसले. "रोज झोपताना हीच गोष्ट लागायची मला," ती आम्हा सगळ्यांना म्हणाली. "नाहीतर झोपायचीच नाही मी."

मग ती दोघं एकेक खुर्ची सरकली, आणि मी त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसले. त्याने माझ्याकडे बघून मान लववली. परक्या बाईला लववतात तशी.

"आजी, तुमची आठवण? तुम्ही फॅन का?"

"फॅन नव्हे गं. मी तो पडदा शिवायला होते."

"अय्या! मग तुम्ही आईला ओळखत असाल!"

त्या बाईचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला. तिने पदर मुठीत धरला होता. मी तिच्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. पोरीच्या गालावर अजून ओल होती.

"ओळखते ना," मी म्हटलं. "माझ्या शेजारीच बसून शिवत होती. तोंडाची फार फटकळ."

"अजून आहे!" मुलगी हसली. "आणि तो धागा? तुम्ही पाहिलात?"

"पाहिला. डाव्या कोपऱ्यात, दुमडीवर. लाल." मी माईकजवळ तोंड नेलं. "होता."

"बाबा, ऐकलंत? साक्षीदार मिळाला!" ती म्हणाली. पण तेवढ्यात वर कुणीतरी ढोल वाजवून बघू लागलं, आणि ती माईक घेऊन पुढच्या माणसाकडे वळली.

तो समोर बघत बसला होता. ऐकूच गेलं नव्हतं त्याला.

"उजवा कान गेलाय त्यांचा," ती बाई हळूच म्हणाली. "वायरी ओढता ओढता, आवाजापायी." उजवा. त्या संध्याकाळी माझ्याकडे उघडा ठेवलेला तोच.

ती त्याच्या पाठीमागून माझ्याकडे वाकली. "धागा नव्हता. मला खरं सांगितलंय त्यांनी, लग्नाआधीच. मग तुम्ही म्हणता, 'होता'... म्हणजे तुम्हीच ना त्या?"

मी मान डोलावली.

"मग तो गेला कुठे?"

"माझ्या मावशीने उसवला. कच्चा टाका समजून."

तिने मुठीतला पदर सोडला. "आमचं लग्न ठरवून झालं. दोघांनी चहा प्यायला आणि हो म्हटलं, एवढीच आमची गोष्ट. पोरीने विचारलं, तुम्ही कसे भेटलात? तर यांनी तुमचं सांगितलं. मी काय करणार? तेव्हापासून भाडेकरूसारखी राहतेय त्या गोष्टीत."

"बंद घरापेक्षा राहतं घर बरं," मी म्हटलं.

"काय गं, काय म्हणतात या?" त्याने तिला विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे. ती त्याच्या डाव्या कानाशी वाकली.

"म्हणतात," ती म्हणाली, "पडदा फार मोठा होता."

"होताच मुळी!" तो खूश झाला. माझ्याकडे वळला. "तुम्हीही होतात का तिथे?"

"होते," मी मोठ्याने म्हटलं. "मागे होते."

ढोल पुन्हा वाजला. जमीन तळव्यांतून वर आली. त्याने खिशात हात घातला, कापूस काढला, एक तुकडा बायकोला दिला, आणि उरलेला माझ्यापुढे धरला.

"घ्या. सुरू झालं की कान दुखतात."

मी घेतला. दोन तुकडे केले. आणि दोन्ही कानांत घातले.