उन्हाची वही

ही गोष्ट खरी आहे.

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, त्यातल्या काही तुम्ही ऐकल्याही असतील. ही त्यातली नाही. ही माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या घरात घडली, आणि ताईच्या घराबद्दल थाप मारायची माझी आजही छाती होत नाही.

मिट्ट काळोख, किंचाळणारी वटवाघळं असलं काही शोधत असाल तर निराशा होईल. वेळ दुपारची होती. चार वाजून दहा मिनिटं. आकाशात औषधालाही ढग नव्हता.

वेळेत चूक नाही, कारण ती टिपली होती एका घड्याळजीने.

घड्याळजी म्हणजे ताईचे यजमान, आमचे भावोजी. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, वर नुसती गच्ची. पुढच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीला चिकटून त्यांचं टेबल. डोळ्याला भिंग लावलं की माणूस जगातून उठायचा. जेवायला तीनदा हाक मारावी लागे. बारीक काम दिव्याखाली करायचे नाहीत. म्हणायचे, "दिव्यात स्क्रू नुसता चमकतो. उन्हात त्याची खाच दिसते." त्यात डोळे थकत चालले होते. दुपारचं ते ऊन गेलं की भावोजींचं काम बंद, इतकं सरळ होतं सगळं.

त्या खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे बाटल्यांचा जुना कारखाना पाडून मोकळी झालेली जागा होती. एक दिवस तिथे पत्र्याचं कुंपण आलं. कुंपणावर मोठं रंगीत चित्र. सव्वीस मजल्यांचा टॉवर, आणि गॅलरी-गॅलरीत हसणारी माणसं.

गल्ली खवळली.

हरकती नोंदवायला महिन्याची मुदत होती. गल्लीने समिती केली, आणि तिच्या प्रमुख झाल्या शेजारच्या बाई. निवृत्त मुख्याध्यापिका. सत्तरीच्या माणसालाही "हात वर करून बोला" म्हणायच्या. त्यांनी कामं वाटली. कोणी गाड्या मोजायच्या, कोणी पाण्याचा दाब बघायचा. भावोजींच्या वाट्याला ऊन आलं.

"तुमची वेळ चुकत नाही," बाई म्हणाल्या. "तीन आठवडे, दर दहा मिनिटांनी लिहा. ऊन कुठवर आलं, किती वेळ थांबलं. टॉवर झाला तर आपलं काय जाणार, ते कागदावर दिसू दे."

भावोजींनी टेबलावर खडूच्या रेघा मारल्या, नवी वही काढली आणि बसले.

पाच दिवस सगळं सुरळीत.

सहाव्या दिवशी चार-दहाला त्यांनी भिंग काढून मान वर केली, आणि...

टेबलावर ऊन नव्हतं.

ढग आला असेल म्हणून ते खिडकीतून वाकले. समोर सूर्य लखलखत होता. डोळे दिपले. डोळ्यांत ऊन, आणि पाठीमागे टेबलावर सावली.

खोलीत आणखी काहीतरी कमी होतं. काय, ते कळायला त्यांना जरा वेळ लागला...

टिकटिक.

भिंतीवर आणि टेबलावर मिळून एकतीस घड्याळं होती. एकही चालत नव्हतं.

मग अचानक ऊन परत आलं आणि घड्याळंही चालू झाली. आतल्या खोलीतलं घड्याळ तेवढं थांबलं नव्हतं. त्यात चार-पस्तीस झाले होते. पुढच्या खोलीतली सगळी पंचवीस मिनिटं मागे.

"अहो, डोळे तपासून घ्या," ताई म्हणाली.

"टिकटिक काय डोळ्यांनी ऐकू येते?"

दुसऱ्या दिवशी ताई स्वतःच शेजारी येऊन बसली.

चार-दहा.

सावली आली. या वेळी दोघांनी खिडकीसमोरच्या भिंतीकडे पाहिलं. सावलीची कड सरळ नव्हती. खाचाखाचांची होती. एकावर एक, एकसारख्या...

गॅलऱ्या.

एका गॅलरीत दोरीवर कपडे हलत होते. बाहेर वाऱ्याचा लवलेश नव्हता.

मग वरून आवाज आले... खुर्ची सरकवल्याचा. नळ सोडल्याचा. लिफ्टचं दार मिटल्याचा.

रस्त्यापलीकडे रिकामी जागा, पत्र्याचं कुंपण आणि झोपलेलं एक कुत्रं. बाकी काही नाही.

कपड्यांच्या बाजूला कोणीतरी उभं होतं. ताईने भीतीने भावोजींचा हात धरला. आणि भिंतीवरच्या त्या आकृतीने... हळूच मान त्यांच्याकडे वळवली.

भावोजींनी जसं दिसलं तसं लिहिलं. संध्याकाळी वही बाईंना दाखवली. बाईंनी पान दोनदा वाचलं.

"हे काय लिहिलंय?"

"दिसलं ते."

"अहो, उद्या ते म्हणतील, यांच्याकडे मुळात ऊन येतच नाही, मग टॉवरने काय बिघडणार? तुमच्या एका पानापायी अख्ख्या गल्लीची हरकत बुडेल."

"मग खोटं लिहू?"

"आकाशात सूर्य होता की नव्हता?"

"होता."

"मग 'ऊन' लिहा. पान फाडा ते."

घरी आल्यावर ताई म्हणाली, "खरं तेच राहू द्या. काय व्हायचं ते होईल." भावोजींनी टेबलाकडे पाहिलं. टॉवर झाला तर स्क्रूची खाच पुन्हा कधी दिसणार नव्हती. त्यांनी पान फाडलं.

मग रोज तेच. सावलीत बसून लिहायचं. ४.१०, ऊन. ४.२०, ऊन. ४.३०, ऊन. वेळ आतल्या घड्याळात बघून ताई ओरडून सांगायची. ती पुढच्या खोलीत यायची बंद झाली होती.

रोज ती आकृती कठड्याशी यायची. रोज थोडी जास्त वाकायची...

वहीत डोकावल्यासारखी.

सुनावणीला भावोजींना उभं केलं. अधिकाऱ्याने वही शेवटपर्यंत चाळली.

"दुपारी चारनंतर रोज ऊन असतं?"

"असतं."

"समोरच्या जागेवर आज काहीही नाही? कोणी राहत नाही?"

भावोजी म्हणाले, "तिथे कोणीच नाही, साहेब."

पंधरा दिवसांनी निकाल आला. टॉवरला परवानगी नाकारली. कायमची. बाईंनी सगळ्यांना जिन्याखाली रांगेत उभं करून चहा पाजला आणि टाळ्या वाजवायला लावल्या.

भावोजी टाळ्या अर्धवट टाकून वर आले. चारला पाच कमी होते.

चार-दहाला सावली आली.

दोरीवरचे कपडे काढलेले होते. आणि प्रत्येक गॅलरीत... माणसं. भिंतीवर जेवढ्या गॅलऱ्या मावत होत्या, तेवढ्या सगळ्या भरलेल्या. मोठी, लहान, म्हातारी. कोणी हलत नव्हतं. तोंडं सगळ्यांची भावोजींकडे.

मग एकेक गॅलरी रिकामी होऊ लागली. वरून खाली.

आणि पावलं ऐकू आली... जिना उतरणारी. पुष्कळ. सावकाश, जड सामान उचलून उतरावं तशी. मग ती खाली पोचली. मग रस्त्यावर आली. मग...

आपल्या जिन्यावर.

दारापाशी येऊन थांबली.

कोणी दार वाजवलं नाही. ऊन परत आलं. एकतीस घड्याळं एकदम टिकटिकू लागली. ताई आतून आली आणि भावोजी नको म्हणेपर्यंत तिने दार उघडलंही होतं. जिना रिकामा होता. पण दार लगेच लावायचं सोडून ती बाजूला झाली आणि उभी राहिली. बराच वेळ. पाहुणे आत येत असले की आपण उभे राहतो, तशी.

"का थांबलीस?" असं मी तिला नंतर विचारलं. म्हणाली, "लावताच येईना रे. वाटलं, कोणाला तरी लागेल."

त्यानंतर ती सावली कधी आली नाही. टेबलावर संध्याकाळपर्यंत ऊन.

महिन्याभराने मी गेलो. दुपारचे साडेचार झाले असतील. खोली उन्हाने भरलेली.

"जिंकलात की भावोजी," मी मोठ्याने म्हटलं.

भिंगातून डोळा न काढता ते म्हणाले, "हळू बोला जरा."

"का? घरात आपण तिघंच तर आहोत."

ताईने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी थाप मारली की पाहायची, तसंच. मग समोरच्या भिंतीकडे बोट केलं.

भावोजी टेबलाशी. ताई दाराशी. मी मधे उभा. तीन सावल्या पडायला हव्या होत्या.

मी मोजायला सुरुवात केली. नवावर आलो आणि मोजणं सोडून दिलं.

ताईने खुर्ची पुढे केली. मी बसलो तशी भिंतीवर माझी सावलीही बसली. आणि तिच्या बाजूची सावली...

तिला जागा व्हावी म्हणून जराशी सरकली.

आता मी ताईकडे जातो ते सकाळीच. सकाळी त्या खोलीत ऊन नसतं.