अंगठा वर

झालं ते भरदुपारी, लख्ख उन्हात. अंधार पडायची वाट बघत बसू नका.

लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. पाठीवर एकेक पिशवी टाकून ती आणि नवरा त्या शांत बेटावर समुद्रात खोल बुडी मारायला शिकायला आले होते. निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, "त्याला उतरायचं तर उतरू दे, तू आपली काठावर बस." ती "हो आई" म्हणाली. लग्नापासून ती सगळ्यांना होच म्हणत आली होती. पण या वेळी मनात पक्कं होतं, उतरायचंच.

शिकवणाऱ्या बाई, नवऱ्याच्या भाषेत मास्तरीणबाई, होडीतच खुणा घोकवून घेत होत्या. इथलं पाणी गढूळ, म्हणून नवख्यांनी एकमेकांचा हात धरायचा. हात दोनदा दाबला, म्हणजे 'ठीक आहेस ना?' आपणही दोनदा दाबायचा, म्हणजे 'ठीक.'

"आणि अंगठा वर म्हणजे वर चला. मस्त चाललंय, असं नाही."

"कळलं हो," म्हणत नवऱ्याने अंगठा वर केला.

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

नांगराच्या दोरीला धरून तिघं खाली गेली. तोंडात हवेच्या नळीच्या रबराची चव, कानात फक्त आपलाच श्वास. घरघर… मग बुडबुडे. तळाशी नवऱ्याचा पाय गाळात रुतला आणि सगळं मातकट झालं. त्याचा हात सुटला. तिने दोरी सोडली नाही, डाव्या हाताने चाचपत राहिली. हात सापडला. दोनदा दाबला गेला. तिनेही दोनदा दाबला.

मग लक्षात आलं, त्या हाताच्या बोटात अंगठी नाही. नवऱ्याची अंगठी तर साबण चोळूनही निघत नसे. आणि ही बोटं सुरकुतलेली, मऊ… दिवसभर बादलीत भिजत पडल्यासारखी.

हात तिला ओढू लागला. उताराकडे, जिथे मातकट संपून काळं सुरू होत होतं. मनगटापुढे काहीच दिसत नव्हतं. पुन्हा दोनदा दाब. ठीक आहेस ना…?

तिचा श्वास फुलला. आणि मग, भीतीच्याही आधी, तिला राग आला. कोणी म्हणतं काठावर बस, कोणी म्हणतं खाली चल. मला विचारतंय कोण?

तिने दोरी कोपरात अडकवली आणि त्या गढूळपणासमोर अंगठा वर केला. सोडत नाहीस ना? मग तूच चल माझ्याबरोबर.

ती शिकवल्याप्रमाणे सावकाश वर चढू लागली. हात जड होता, पण येत होता. उजेड दिसू लागला तसा तोच सुटायला धडपडू लागला. तिने सोडला नाही. अगदी पृष्ठभागाशी तो ओल्या साबणासारखा निसटला.

नवरा होडीत, पंचा गुंडाळून, खाली मान घालून बसला होता. "मासा दिसला गं, मोठा… मी खुशीत अंगठा वर केला. यांनी मला सरळ वर आणलं."

"तुलाही खूण केली होती," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. "मागे दोरी हलत होती. वाटलं, तूच येतेयस…"

"खाली आणखी कोणी उतरलंय?" तिने विचारलं.

"आज नाही." त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग नजर काढून घेतली. "उद्या राहू दे."

"नाही," ती म्हणाली. "उद्या मी उतरणार."

नवऱ्याने चमकून मान वर केली.

संध्याकाळी खोलीबाहेरच्या बाकावर दोघं बसली होती. नवऱ्याच्या एका हातात फोन, दुसऱ्यात चहाचा ग्लास. सासूबाई पलीकडून विचारत होत्या, सूनबाई काठावरच आहे ना. तिचा उजवा हात केव्हाच कोरडा झाला होता. डाव्याची बोटं अजून सुरकुतलेली. मांडीवर पडलेल्या त्या रिकाम्या हाताला कोणीतरी हळूच दाबलं. दोनदा.

तिने उलट दाबलं नाही. उजव्या हाताचा अंगठा वर केला.

"मस्त ना?" नवरा हसून म्हणाला.

डाव्या तळव्यात पाणी साचलं होतं. त्याची एक बारीक धार मनगटावरून निघाली आणि कोपराकडे, वर चढू लागली.