हिरवं पेन आणि श्रीनिवासचं मराठी

त्या कागदावर मी काय लिहिलंय ते दुकानातल्या कुणाला वाचता येईल, असं मला वाटलंच नव्हतं. वाटलं असतं तर लिहिलं असतं का?

१९८८चा फेब्रुवारी. चंदीगडला येऊन मला जेमतेम सात महिने झाले होते. मी मिरजेची, विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात संशोधन करायला आलेली. वाळवलेली रोपं जाड कागदावर चिकटवायची आणि खाली नाव, ठिकाण, तारीख लिहायची, हे माझं रोजचं काम. बॉलपेनची अक्षरं दोन-चार वर्षांत उडतात म्हणून आमच्या मॅडम शाईचाच आग्रह धरायच्या. शिष्यवृत्ती हातात पडली तशी मी ठरवलं, एक चांगलं पेन घ्यायचं. 'कामासाठी' असं मैत्रिणींना सांगितलं. खरं म्हणजे ते मला शाळेपासूनच हवं होतं.

सेक्टर बावीसच्या बाजाराच्या तोंडाशी वाळूची पोती रचलेली. पिशवी उघडून दाखवल्याशिवाय जवान आत सोडत नसत. त्यात पाऊस! थंडीतही इकडे पाऊस पडतो, हे मिरजेच्या माणसाला कोण सांगणार? अर्धी भिजून मी गुरबचनसिंगांच्या पेनांच्या दुकानात शिरले.

गुरबचनसिंग म्हणजे पांढऱ्याशुभ्र दाढीचे, नाकावर चष्मा घसरलेले आजोबा. त्यांनी काचेच्या कपाटातून एक एक पेन काढून मखमलीवर मांडलं. आणि मग ते आलं... गडद हिरवं, त्यात काळ्या लहरी. एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, हातानं कातलेलं. बोटांत धरलं तर गार नाही, कोमट लागलं, जणू आत्ताच कुणी खाली ठेवलंय.

"लिखो जी, जो मर्जी लिखो," असं म्हणत त्यांनी निब शाईत बुडवून पेन आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

निब टेकली आणि सरसर निघाली. मी दाब दिलाच नव्हता! शाई क्षणभर ओली चमकायची आणि मग कागदात शांत मुरायची. माझंच अक्षर, पण नवे कपडे घातल्यासारखं दिसत होतं. काय लिहावं सुचेना म्हणून जे डोळ्यांसमोर होतं तेच लिहिलं — 'शेजारचा उंच मनुष्य मघापासून माझ्या पेनाकडे टक लावून बघतोय. त्याला हेच हवं असणार. मी देणार नाही.'

शेजारच्या उंच मनुष्यानं काउंटरवरचं दुसरं पेन उचललं. माझ्या ओळीखाली, पहिलीतल्या मुलासारख्या मोठ्या, डुगडुगत्या अक्षरांत लिहिलं —

'मि पेना कडे नाय बगत.'

माझे कान इतके तापले की केसांतलं पाणी वाळलं असेल.

"सॉरी," तो म्हणाला. "दुसऱ्याचं वाचत नाही मी. पण इथे मराठी दिसली... तर डोळे थांबून गेले."

"तुम्ही मराठी?"

"घरचे मराठी. मी पक्का चंदीगडचा." तो हसला. डाव्या गालाला खळी पडली — मी बघितली नाही, दिसली. "श्रीनिवास मुजुमदार. सेक्टर तीसच्या लॅबमध्ये आहे. मायक्रोस्कोप वगैरे रिपेअर करतो. वाचता येते मला, आईने शिकवलं. लिहिताना गडबड होते."

"ते दिसलं," मी म्हटलं. "बगत नाही, बघत. आणि नाय नाही, नाही."

"नाय नाही, नाही..." तो गोंधळून पुटपुटला, आणि मग आम्ही दोघंही हसत सुटलो.

गुरबचनसिंग चष्म्यावरून आमच्याकडे पाहत होते. "बिटिया, तू हाथ टेढ़ा रखती है," ते म्हणाले. "निब तेरे हिसाब से बना दूँगा. परसों आना." मग माझ्याकडून चार ओळी लिहून घेऊन त्यांनी माझ्या बोटांची ठेवण नीट बघितली. मिरजेच्या शिंप्यानंही माझं माप इतक्या लक्षपूर्वक घेतलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी गेले, तर श्रीनिवास दुकानात हजर.

"योगायोग," तो म्हणाला.

"किती वाजल्यापासून?"

"...तीन."

पाच वाजले होते.

पेन माझ्या हातात आलं आणि खरंच, माझंच झालेलं होतं. ड्रॉपरनं शाई भरायची, थेंब बोटावर सांडायचा, तो पुसताना डाग आणखी पसरायचा — त्या सगळ्याची मला इतकी गोडी लागली की वसतिगृहात मी विनाकारण वाणसामानाच्या याद्या लिहायला लागले. आईला पत्रं लांबतच चालली. "तुझं अक्षर एकदम सुधारलं, काय झालं?" असं तिनं विचारलं. पेन घेतलं, एवढंच मी कळवलं.

कारण त्या 'काय झालं'मध्ये दर शनिवार होता. श्रीनिवासनं पैज लावली होती की उन्हाळ्यापर्यंत तो बिनचूक मराठी लिहील. आठवड्याला एक पान तो लिहून आणायचा आणि विद्यापीठाच्या कँटीनमध्ये चहा निवत ठेवून मी ते तपासायची.

"'माझी आई चांगला भाजी करतो.' श्रीनिवास! करतो कोण?"

"आई."

"मग?"

"मग तू ये ना घरी. बघ कोण करतो."

मी मान खाली घालून शेरा लिहायची. कधी तो मुद्दाम चुका करतोय असं वाटायचं. माझी निब त्याच्या ओळीखालून फिरत असताना तो कागदाकडे बघायचा नाही... कुठे बघायचा ते मला मान वर न करताही कळायचं.

पण मार्चअखेर बाबांचं पत्र आलं. पंजाबातल्या गोळीबाराच्या बातम्या रोज तिकडच्या पेपरात छापून येत होत्या. 'मे महिन्यात कायमची परत ये. पीएचडी पुण्यातही होते. तुझी आई झोपत नाही.' मी उत्तर लिहायला बसले. पेन भरलेलं, कागद समोर, आणि 'तीर्थरूप बाबांस' याच्या पुढे शब्द सरकेना. असं तीनदा झालं. शेवटी श्रीनिवासला सांगितलं.

त्यानं निवलेला चहा संपवला. मग म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. मी बाप असतो तर हेच लिहिलं असतं... जाशील?"

"माहीत नाही."

'थांब' असं तो म्हणेल, असं मला वाटलं होतं. तो म्हणाला नाही. मला राग आला. नंतरच्या शनिवारी मी त्याचं पान घडी न उघडता, न तपासताच परत दिलं.

पुढच्या बुधवारी तो गुरदासपूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात मायक्रोस्कोप दुरुस्त करायला गेला. गुरुवारी संध्याकाळपर्यंत परतणार होता. गुरुवारी सहाला वसतिगृहाच्या व्हरांड्यात कुणीतरी रेडिओ लावला. दुपारी त्या बाजूहून येणारी एक बस अडवून गोळीबार झाला होता. अनेक प्रवासी ठार. नावं नाहीत.

मी रिक्षा केली आणि सेक्टर तीस गाठलं. त्याचं घर मी कधी पाहिलेलं नव्हतं, लॅबच्या फाटकावर विचारून शोधलं. दारावर 'मुजुमदार' अशी पाटी दिसली आणि मी कडी वाजवली. दार एका ठेंगण्या, गोऱ्या बाईंनी उघडलं. त्यांच्या हातात फोनची वही होती.

"मी सुनेत्रा. श्रीनिवास..."

"पान तपासणारी," त्या म्हणाल्या आणि माझा हात धरून त्यांनी मला आत घेतलं. त्या सरलाकाकू, त्याच्या आई. श्रीनिवासचे वडील आदल्या वर्षी गेले होते. घरात ही दोघंच.

दवाखान्याचा फोन लागत नव्हता. ट्रंककॉल बुक केला तर 'लाइन डाउन है' एवढंच उत्तर. लॅबमधल्या साहेबांनी पोलिसांकडे चौकशी केली, त्यांनाही काही कळलं नाही. काकूंनी मला परत जाऊ दिलं नाही. आम्ही दोघी बोललो ते भलतंच — मिरजेचा बाजार, कुणाचं लग्न कुठे झालं, चिवड्यात खोबरं घालावं का. मध्येच त्या म्हणाल्या, "सारखा हिंदीत बोलायचा गं माझ्याशी. मी मराठीत विचारायची, हा हिंदीत उत्तर द्यायचा. दोन महिने झाले, 'आई, भूक लागली' म्हणतो." आणि पदर तोंडाला लावून त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी तिथेच बसून राहिले. न तपासलेलं ते पान मला सारखं दिसत होतं. काय लिहिलं असेल त्यानं त्यात?

शुक्रवारी अकराच्या सुमारास फाटकाशी गाडी थांबली. दवाखान्याची जुनी व्हॅन. आधी उतरले ते एक धिप्पाड सरदारजी ड्रायव्हर, आणि त्यांच्या मागून — धुळीनं माखलेला, दाढी वाढलेला, हातात हत्यारांची पेटी घेतलेला श्रीनिवास.

काकूंनी त्याच्या दंडावर दोन चापट्या मारल्या आणि मग त्यालाच धरून रडल्या. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. आणि मग मी चक्क खाली बसले, उंबऱ्यावर.

"बीबीजी, मुंडा बिलकुल ठीक है," सरदारजी काकूंना सांगत होते. बलकारसिंग त्यांचं नाव. रस्ते बंद, जागोजागी तपासणी. तरी ते पहाटे निघून आडरस्त्यांनी त्याला घरापर्यंत घेऊन आले होते. काकूंनी त्यांना पराठे खाऊ घातल्याशिवाय हलू दिलं नाही.

श्रीनिवास माझ्याशेजारी उंबऱ्यावर येऊन बसला.

"तू इथे?"

"कालपासून."

तो हातांकडे बघत राहिला. "तीच बस होती, सुनेत्रा. माझी. एक स्क्रू पडला... एवढासा. चाळीस मिनिटं मी फरशीवर रांगून शोधला. स्टँडवर गेलो तर बस निघून गेली होती. मी शिव्या दिल्या तिला." त्यानं हत्यारांची पेटी लांब सरकवली. "कंडक्टर ओळखायचा मला. जाताना त्याने मला खिडकीची सीट दिली होती."

त्याचा धुळीचा हात मी हातात घेतला. आतून तव्यावरच्या तुपाचा वास येत होता, काकू आणि बलकारसिंग कशावरून तरी चक्क हसत होते, आणि त्या हसण्यानं मला एकदम इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

"त्या पानात काय होतं?" मी विचारलं.

"कोणत्या?"

"मी तपासलं नाही त्या."

तो लाजला. दाढी वाढलेला, धुळीनं भरलेला माणूस लाजला की किती गोड दिसतो! "एकच ओळ होती. तू जा, असं सांगायला पाहिजे. पण तू गेली तर... मला करमणार नाही. मी बोलू शकलो नाही त्या दिवशी, म्हणून लिहिलं होतं. ही जागा तुझ्यासाठी सेफ नाही, आणि मी माझ्यासाठी थांब कसा म्हणू?"

"म्हणून बघ."

"सुनेत्रा..."

"म्हण ना."

"थांब." मग घाईनं, "म्हणजे, थांबशील? माझ्याजवळ? नेहमीसाठी?"

"कायमची," मी म्हटलं.

"चूक होती का?"

"नाही. वेडा! ते उत्तर होतं."

त्या दुपारी त्याच्याच टेबलावर बसून मी बाबांना पत्र लिहिलं. कुठेही अडले नाही. पेन असं धावत होतं की माझ्या मनाला त्याला गाठावं लागत होतं. मध्येच शाई संपली, पुन्हा भरली, बोटं निळी झाली. आंघोळ करून आलेला श्रीनिवास समोरच्या खुर्चीवर बसल्याबसल्या झोपून गेला होता. लिहिता लिहिता मी मान वर करून बघायची — आहे. पुन्हा लिहायची. पुन्हा बघायची. आहे.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेलो. पाकीट जाडजूड झालं होतं.

"सगळं लिहिलं?" त्यानं विचारलं.

"सगळं."

"बसचं पण?"

"तेही. खोटं नाही लिहीत मी बाबांना. सांभाळून राहीन म्हटलंय, आणि काम पूर्ण केल्याशिवाय येणार नाही म्हटलंय."

"आणि... मी?"

"तू पाचव्या पानावर आहेस."

"पाचव्या? इतक्या उशिरा?"

"पहिली चार पानं त्यांना धीर द्यायला लागली."

तो रस्त्यातच थांबला आणि मोठ्यांदा हसला. काल संध्याकाळपासून मला ऐकायचं होतं ते हेच. पाकीट मी पेटीत टाकलं, आणि परत फिरताना त्यानं माझा हात धरला. समोरून लॅबमधले दोघं-तिघं येत होते. तरी त्यानं सोडला नाही... आणि मीही.