सोडियमच्या दिव्याची खोली

अंधाऱ्या खोलीला कुलूप लावताना आत हाक मारायची नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी किल्ली हातात ठेवताना माने सरांनी मला एवढंच सांगितलं. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "इथे 'का' विचारायचं नसतं." भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख, आणि 'का' विचारायचं नसतं. मला हसू आलं. तरी तीन महिने मी ऐकलं.

आमचं ज्युनियर कॉलेज कर्वेनगरात. प्रयोगशाळेच्या टोकाला प्रकाशाच्या प्रयोगांसाठी ही खोली आहे. खिडकी नाही, भिंती काळ्या, दार एकच. आत टेबलावर स्पेक्ट्रोमीटर आणि सोडियमचा दिवा. त्या पिवळ्या उजेडात दुसरा रंग उरतच नाही. लाल ओढणी काळी दिसते, ओठ राखेसारखे. बारावीच्या मुली प्रिझम फिरवत दुर्बिणीतून पिवळी रेष बघतात. रेष सरकत येते, एका जागी थबकते आणि मागे फिरते. थबकते तिथलं रीडिंग घ्यायचं. एकीने डोळा लावायचा, दुसरीने लिहायचं.

त्या शुक्रवारी बारावीतल्या ऋतुजाची जोडीदारीण आलीच नव्हती. जर्नलवर सही घ्यायचा तो शेवटचा दिवस. सही नाही, तर बोर्डाची प्रॅक्टिकल नाही. जुन्या जर्नलमधून आकडे उतरवायची इथे पद्धतच आहे. मी वर्गात ठणकावलं होतं, "उतरवलेल्या आकड्यांवर मी सही करणार नाही." म्हणून ती एकटीच आत गेली. माझ्यामुळे.

साडेचारला बॅच सुटली. मी कुलूप लावायला गेले, तर दाराबाहेरच्या रॅकमध्ये एकच सॅक उरली होती. ऋतुजाची. सॅकमध्ये फोन थरथरत होता. लॅबच्या सुंदराबाई दुपारपासून दाराशी बसून काचेच्या नळ्या पुसत होत्या.

"ऋतुजा गेली का हो?"

"गेली आसंल."

"तिला बाहेर पडताना पाहिलंत तुम्ही?"

"न्हाय," त्या हळूच म्हणाल्या.

मी दार ढकललं. मिट्ट काळोख. तापलेल्या पत्र्याचा वास. मी हाक मारली.

"ऋतुजा..."

"एकच रीडिंग राहिलंय, मॅडम."

आवाज ऋतुजाचा नव्हता.

मोबाइलचा उजेड पाडत मी आत गेले. टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. कोणी नव्हतं. टेबलावर ऋतुजाचं जर्नल उघडं होतं. पहिली पाच रीडिंगं तिच्या बारीक अक्षरात. सहावं वेगळ्याच अक्षरात, आणि त्याची शाई ओली.

धडपडत बाहेर आले, तेव्हा माने सर दारात उभे होते.

"आत मुलगी आहे, सर. आवाज आला."

"प्रतिध्वनी असेल."

"प्रतिध्वनीला सतरा मीटर लागतात. खोली चार मीटरची आहे. नववीत शिकवतात हे."

"आपण फार हुशार आहात, मॅडम. किल्ली द्या."

त्यांनी हात पुढे केला. सुंदराबाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "सांगा की आता त्यास्नी. कल्याणीचं सांगा."

सर भिंतीकडे बघत बोलले. "अठरा वर्षं झाली. दिवाळीच्या सुट्टीआधीचा दिवस. कल्याणी आत प्रयोग करत होती..."

"आणि तुम्ही हाक न मारताच कुलूप लावलंत."

"मारली होती... ती म्हणाली, एकच रीडिंग राहिलंय. मला स्वारगेटहून गावची गाडी धरायची होती. वाटलं, जरा धाक बसेल. दार वाजवेल, शिपाई उघडेल... शिपाई माझ्या आधीच गेला होता."

"खोली कधी उघडली?"

"सुट्टी संपल्यावर."

सॅकमधला फोन पुन्हा थरथरू लागला. मी तो बाहेर काढला. पडद्यावर लिहिलं होतं, आई.

"उचलू नका," सर कुजबुजले. "ऐका माझं. आत कोणी नाही, तुम्ही स्वतः पाहिलंत. कुलूप लावू. विचारलं, तर साडेचारला सगळ्यांबरोबर गेली म्हणून सांगू. तुमचीही नोकरी नवी आहे."

"बाय, दार लावा," सुंदराबाई म्हणाल्या. "उघडं ऱ्हायलं की तिला वाटतं, कुनीतरी येतंय जोडीला."

मी स्टूल ओढलं आणि उंबरठ्यावरच बसले, पाठ चौकटीला टेकवून.

"मी दार लावणार नाही. आज नाही, रात्री नाही, उद्याही नाही. तिच्या आईला इथे बोलावते. आत्ता मला जे सांगितलंत, ते त्यांच्यासमोर सांगा."

मी फोन उचलला. "काकू, कॉलेजवर या. लगेच या. ऋतुजा... अजून आत आहे."

मग मी काळोखाकडे तोंड करून म्हणाले, "ऋतुजा, मी दारातच बसलेय. हलणार नाही."

"हो, मॅडम."

दोन आवाज होते, एकाच वेळी. त्यातला एक माझ्या ऋतुजाचा.

सुंदराबाईंच्या हातातली नळी खाली पडून फुटली.